शहर का तापते, कशाने निवते?

उष्णतेचे बेट: आजूबाजूच्या ग्रामीण भागापेक्षा शहराचे तापमान जास्त असणे. काँक्रीट आणि डांबर दिवसभर उष्णता शोषतात, सूर्यास्तानंतर सावकाश सोडतात; म्हणून हा फरक रात्री अधिक जाणवतो. लंडनमधला असा फरक ल्यूक हॉवर्ड यांनी १८१८ मध्येच ग्रंथरूपाने मांडला.

उष्णतेची लाट: भारतीय हवामान विभागाच्या निकषानुसार कमाल तापमान सपाटीवर किमान ४०, किनारपट्टीवर ३७ अंश सेल्सिअस आणि सरासरीपेक्षा किमान ४.५ अंश जास्त. सपाटीवर ४५ अंश गाठले, तर सरासरी न पाहताही लाटच.

गल्लत नको: उपग्रह पृष्ठभागाचे तापमान टिपतो, हवामान केंद्र सावलीतल्या हवेचे. भर दुपारी पत्र्याचे छप्पर हवेपेक्षा कितीतरी जास्त तापलेले असते.

नियोजनाचे उपाय

• झाडे: सावली देतात, शिवाय पानांतून बाष्प सोडून हवा थंड करतात. कोलंबियातील मेदेयीन शहराने २०१६ पासून रस्ते व ओढ्यांलगत ३० हरित पट्टे उभारले.

• वाऱ्याच्या वाटा: जर्मनीतले श्टुटगार्ट दरीत वसलेले. रात्री डोंगरउतारांवरून येणारी थंड हवा अडू नये म्हणून तिथे बांधकामांवर मर्यादा आहेत.

• पांढरे छप्पर: ऊन परत फेकते, खर्च कमी. तेलंगणाने २०२३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र धोरण आणले.

• एसी: खोली थंड, पण आतली उष्णता रस्त्यावर.

आपल्याकडे: मे २०१० च्या जीवघेण्या लाटेनंतर अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा आखला, दक्षिण आशियातला तो पहिला. मुंबईचा हवामान कृती आराखडा मार्च २०२२ चा.