घाटात जड होणारे स्टीअरिंग अन् हट्टी पुली
पॉवर स्टीअरिंगचा पंप बदलताना हातोडा दूर ठेवलेलाच बरा

जव्हार, प्रतिनिधी - पावसाळा सुरू झाला की मुंबई, ठाणे आणि नाशिककडील गाड्या जव्हारच्या दिशेने धावू लागतात. सुरत स्वारीवर निघालेल्या शिवाजी महाराजांची जव्हारच्या विक्रमशहा राजांशी भेट झाली आणि राजांनी त्यांना शिरपेच अर्पण केला, अशी परंपरा ज्या माळाविषयी सांगितली जाते, तो शिरपामाळ पाहणे आणि पुढे दाभोसा धबधबा किंवा मोखाड्यामार्गे त्र्यंबकेश्वर गाठणे हा अनेकांचा ठरलेला कार्यक्रम. हा सारा प्रदेश डोंगराळ आहे. वळणामागून वळण येते, दर वळणाला स्टीअरिंग पूर्ण फिरवावे लागते आणि शहरातील सरळ रस्त्यावर लपून राहिलेला दोष येथे उघड होतो. गाडी वळवताना बॉनेटखालून कण्हल्यासारखा आवाज येतो, स्टीअरिंग दगडासारखे जड होते आणि चालकाच्या कपाळावर घाम येतो. बहुतेक वेळा संशयाची सुई पॉवर स्टीअरिंगच्या पंपाकडे वळते.

पंप करतो काय?

मोटारीची पुढची चाके वळविण्यासाठी लागणारी ताकद चालकाच्या मनगटाऐवजी दाबाखालील तेलाकडून घ्यायची, ही पॉवर स्टीअरिंगमागील कल्पना. अमेरिकेतील अभियंते फ्रान्सिस डेव्हिस यांनी १९२० च्या दशकात ती प्रत्यक्षात आणली. विक्रीसाठीच्या प्रवासी मोटारीत ती येण्यास मात्र १९५१ साल उजाडले. त्या वर्षी क्रायस्लर कंपनीने आपल्या इम्पीरियल मोटारीत ही सोय दिली.

इंजिनावरील पट्टा पंपाची पुली फिरवितो. पुलीबरोबर पंपाच्या आतील चक्र फिरते. चक्राच्या खाचांतील बारीक पाती तेल ढकलतात आणि त्याचा दाब सुमारे ८० ते १०० बारपर्यंत, काही वाहनांत त्याहूनही वर जातो. गाडीच्या टायरमधील हवेच्या दाबाशी तुलना केली, तर हा दाब चाळीस पटींच्या घरात जातो. म्हणूनच इंजिन चालू असताना गळती शोधण्यासाठी नळीवरून बोट फिरवू नये. सूक्ष्म छिद्रातून उडणारी तेलाची धार कातडी भेदून आत शिरू शकते. गळती शोधायची ती पुठ्ठ्याचा तुकडा धरून.

दोष पंपाचाच आहे का?

नवा पंप घेण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली म्हणजे टाकीतील तेलाची पातळी. तेल कमी असले की पंप तेलाबरोबर हवा ओढतो, तेलाला फेस येतो आणि कण्हण्याचा आवाज सुरू होतो. दुसरी गोष्ट पट्ट्याची. वळताना किंचाळल्यासारखा तीव्र आवाज येत असेल, तर पट्टा सैल वा गुळगुळीत झालेला असण्याची शक्यता अधिक. तिसरी गोष्ट नळ्यांची. टाकीतून पंपाकडे येणारी रबरी नळी जुनी होऊन चिरली, तर तेल बाहेर न सांडताही हवा आत शिरते. हे तिन्ही ठीक असूनही कमी वेगात स्टीअरिंग जड लागत असेल, तेल काळे पडून त्यात धातूची चकाकणारी भुकटी दिसत असेल किंवा पुलीमागील सीलमधून तेल झिरपत असेल, तर पंप दुरुस्त करणे वा बदलणे आवश्यक ठरते.

अनेक नव्या मोटारींत विजेच्या मोटरवर चालणारे स्टीअरिंग असते. त्यांत तेल नसते, पंप नसतो आणि पुलीही नसते. त्या गाड्यांचा दोष वेगळ्या पद्धतीने शोधावा लागतो.

पुली का निघत नाही?

पंप बदलण्यात सर्वाधिक वेळ खाते ती पुली. काही पंपांवर ती नटाने बसविलेली असते. नट सोडवला की काम सोपे होते. मात्र अनेक पंपांवर नट नसतोच. पुलीचे छिद्र पंपाच्या दांड्यापेक्षा केसभर लहान ठेवून ती दाबाने दांड्यावर चढविलेली असते. केवळ या घट्ट पकडीवर ती वर्षानुवर्षे फिरते. त्यात कोकणाच्या सीमेवरील दमट हवेचा गंज मिसळला की पुली आणि दांडा जणू एकजीव होतात.

येथेच घाई अंगाशी येते. मागून हातोडा मारणे किंवा पुली आणि पंप यांच्यामध्ये टॉमी घालून उचकटणे हा नेहमीचा मार्ग. पुलीची कड त्यामुळे वाकते, आणि अॅल्युमिनियमचे पंपघर असेल तर त्याला तडा जाण्याचा धोका असतो. तीन नखांचा साधा पुलर पुलीच्या बाहेरच्या कडेला अडकविल्यासही पत्र्याची कड वाकते. वाकलेल्या पुलीवर नवा पट्टा टिकत नाही.

अशा पुलीच्या मध्यभागी, पुढच्या बाजूस, एक गोल खाच असते. ती खास पुलरसाठीच ठेवलेली असते. पुलरचे दोन अर्धगोल तुकडे त्या खाचेत बसवायचे, त्यांवर कडे चढवायचे आणि मधला स्क्रू दांड्याच्या टोकावर टेकवून पान्याने हळूहळू फिरवायचा. जोर सरळ रेषेत पडतो आणि पुली वाकडी न होता बाहेर येते. आदल्या रात्री गंज सोडविणारे तेल सांध्यावर सोडून ठेवल्यास काम हलके होते. पुलरचा स्क्रू ताणलेला ठेवून थोडा वेळ थांबणेही उपयोगी पडते. ज्योतीने तापविण्याचा मोह टाळावा. जवळच तेल असते, आणि पंप पुन्हा वापरायचा असल्यास उष्णतेने सील जळते.

पुली काढण्यापूर्वी दांड्याचे टोक आणि पुलीचा दर्शनी भाग यांतील अंतर मोजून लिहून ठेवावे. काही गाड्यांत पंपाचे बोल्ट पुलीच्या छिद्रांतून पाना घालून सुटतात. तेथे पंप पुलीसकट बाहेर काढून टेबलावर काम करणे सोयीचे ठरते.

बसवताना अधिक काळजी

पुली चढवितानाची चूक अधिक महागात पडते. नव्या पंपावर पुली ठोकून बसविल्यास प्रत्येक घाव दांड्यातून आतील चक्रावर आणि त्यामागील पट्टीवर पोहोचतो. पंप खोक्यातून निघाल्या दिवशीच निकामी होऊ शकतो. यासाठी दांड्याच्या मधोमध आटे पाडलेले छिद्र असते. बसविण्याच्या अवजाराचा स्क्रू त्यात घट्ट करायचा आणि नट फिरवून पुली दाबत न्यायची. सारा ताण दांडा आणि पुली यांच्यातच राहतो, आतील भागांवर भार येत नाही. मोजून ठेवलेल्या अंतरावर पुली थांबवावी आणि सरळ पट्टी लावून ती इतर पुल्यांच्या रेषेत आहे ना, हे पाहावे.

त्यानंतर टाकी आणि नळ्या स्वच्छ करून, वाहनाच्या पुस्तिकेत सांगितलेलेच तेल भरावे. ब्रेक ऑइल चुकूनही घालू नये, त्याने रबरी सील फुगतात. पुढची चाके जॅकवर उचलून, गाडीला पक्का आधार आणि मागच्या चाकांना दगड लावून, इंजिन बंद ठेवूनच स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश पंधरा-वीस वेळा फिरवावे. टाकीतील बुडबुडे थांबेपर्यंत तेलाची भर घालावी, मगच इंजिन सुरू करावे. हवा आत राहिली, तर नवा पंपही जुन्यासारखाच कण्हतो आणि दोष विनाकारण पंपाला लागतो.

घाटातच बिघाड झाला तर?

पंप बंद पडला म्हणून स्टीअरिंग अडकत नाही. चाके आणि स्टीअरिंग यांचा यांत्रिक जोड कायम असतो, फक्त जोर अधिक लागतो. वेग कमी करून, दोन्ही हातांनी पकड घेऊन गाडी सुरक्षित जागी थांबवावी. पट्टाच तुटला असेल, तर काही गाड्यांत इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंपही बंद होतो. तेव्हा गाडी तशीच रेटू नये.

याच कारणासाठी इंधन वाचविण्याच्या नादात उतारावर इंजिन बंद करण्याची सवय सोडावी. इंजिन थांबले की पंप थांबतो आणि ब्रेकला मिळणारी मदतही एक-दोन दाबांत संपते. किल्ली काढली, तर स्टीअरिंगला कुलूपच लागते. वाचलेल्या चमचाभर डिझेलची किंमत पुढच्या वळणावर मोजावी लागू शकते. जव्हारच्या वाटेला लागण्यापूर्वी घरासमोरच बॉनेट उघडून टाकीतील तेल आणि पट्टा पाहिला, तर पाच मिनिटांहून अधिक वेळ जात नाही.