गाडी जागेवर आणि धुराचे लोट! बर्नआऊट नेमका कशासाठी करतात आणि रस्त्यावर तोच अंगाशी का येतो?

मंडळी, एखादी मस्टँग किंवा डॉज चॅलेंजर जागेवरच उभी आहे, मागची चाकं गरागरा फिरतायत आणि पांढऱ्या धुरात अख्खी गाडी दिसेनाशी झाली आहे, असं रील तुमच्या फीडमध्ये कधी ना कधी आलंच असेल. यालाच म्हणतात बर्नआऊट. पाहणाऱ्याला वाटतं, काय ताकद आहे इंजिनात! पण तो धूर खरं तर उलटंच सांगत असतो. इंजिनाची ताकद रस्त्यापर्यंत पोचतच नाहीये, ती टायर जाळण्यात चालली आहे.

मग अमेरिकेतले ड्रॅग रेसर शर्यतीच्या आधी मुद्दाम बर्नआऊट का करतात? आणि तीच गोष्ट रस्त्यावर केली की गाडी फुटपाथवर का चढते? चला, समजून घेऊ.

सगळा खेळ तळहाताएवढ्या रबराचा

गाडी कितीही महाग असो, तिचा प्रत्येक टायर रस्त्याला टेकतो तो साधारण एका तळहाताएवढ्या जागेवर. पुढे जाणं, थांबणं, वळणं, सगळं तेवढ्याच रबराच्या जिवावर.

एक साधा हिशोब करू. समजा गाडीचं वजन १,८०० किलो आहे. जोरात निघताना वजन मागे झुकतं, म्हणून मागच्या दोन चाकांवर १,१०० किलो धरू. कोरड्या डांबरावर चांगला टायर साधारणपणे त्याच्यावर जितकं वजन आहे तितकाच जोर रस्त्याला देऊ शकतो. म्हणजे कमाल मर्यादा ११०० किलोंच्या आसपास. आता ५०० न्यूटन-मीटर टॉर्कचं इंजिन घ्या. पहिल्या गिअरमध्ये हा टॉर्क चाकापर्यंत येईतो सुमारे १२ पट होतो आणि टायरच्या कडेला जवळपास १,८०० किलोंचा जोर तयार होतो. टायर पेलू शकतो ११००, मिळतायत १,८००. उरलेल्या जोराचं काय होणार? चाक जागच्या जागी फिरणार!

टायर नीट लोळत असतो तेव्हा त्याचा रस्त्याला टेकलेला भाग रस्त्याला धरून असतो. अगदी थोडं, म्हणजे १० ते २० टक्के घसरत असताना बहुतेक टायर सर्वात चांगली पकड देतात. त्यापुढे चाक मोकाट सुटलं की पकड कमी होते आणि घर्षणातून नुसती उष्णता निघते. त्या उष्णतेने रबरातली तेलं आणि इतर घटक वाफ होऊन बाहेर पडतात. तोच तो पांढरा धूर.

मग रेसर का करतात?

कारण त्यांचे टायर वेगळे असतात. ड्रॅग रेसिंगचा स्लिक टायर मऊ रबराचा असतो आणि गरम झाल्यावर चिकट होतो. स्टार्ट लाईनच्या मागे थोडं पाणी टाकलेलं असतं. त्यावर चाक सहज फिरायला लागतं, मग गाडी कोरड्या भागावर येते आणि टायर तापतो. वर चिकटलेले खडे आणि धूळ निघून जाते, ट्रॅकवर ताज्या रबराचा थरही बसतो. म्हणजे इथे बर्नआऊट ही दिखाव्याची नाही, तर पकड वाढवण्याची तयारी असते.

फक्त मागची चाकं फिरावीत म्हणून रेसर 'लाईन लॉक' वापरतात. यात पुढचे ब्रेक दाबलेले राहतात आणि मागचे मोकळे होतात. फोर्डने २०१५ च्या मस्टँग जीटीमध्ये हे इलेक्ट्रॉनिक स्वरूपात कंपनीतूनच दिलं, पण फक्त ट्रॅकवर वापरण्यासाठी.

साध्या रस्त्याच्या टायरचं गणित मात्र वेगळं. तो जास्त तापला की पृष्ठभाग तेलकट होतो आणि पकड उलट घटते. शिवाय त्याच्या खाचांमध्ये पाणी भरून थेट स्टार्ट लाईनपर्यंत जातं. म्हणून साधे टायर लावून ड्रॅग स्ट्रिपवर येणाऱ्यांना जाणकार सांगतात, 'पाण्याला वळसा घाला आणि चाकं नुसती झटकून घ्या.'

टायर किती महत्त्वाचा, याचं उत्तम उदाहरण म्हणजे २०१८ ची डॉज चॅलेंजर एसआरटी डेमन. १०० ऑक्टेनच्या रेसिंग पेट्रोलवर ८४० हॉर्सपॉवर! पण कंपनी फक्त इंजिनावर थांबली नाही. खास ३१५ मिलिमीटर रुंदीचे ड्रॅग टायर दिले आणि निघताना वजन मागे झुकावं असं सस्पेन्शन बसवलं. म्हणूनच ही गाडी निघताना पुढची चाकं हवेत उचलू शकते.

रस्त्यावर गाडी का फिरते?

टायरची पकड म्हणजे महिन्याचा पगार समजा. १०० रुपये आहेत. त्यातले काही वेग वाढवायला, काही वळायला. चाक जागेवर फिरायला लागलं म्हणजे सगळा पगार पहिल्याच दिवशी उडाला. आता गाडीला बाजूला घसरण्यापासून अडवायला काहीच उरत नाही.

कार शोमधून बाहेर पडताना ट्रॅक्शन कंट्रोल बंद करून गर्दीसमोर ॲक्सिलरेटर दाबणाऱ्यांचं हेच होतं. मागचा भाग एका बाजूला जातो. चालक घाबरून पाय एकदम उचलतो, त्याच वेळी स्टिअरिंग उलट्या दिशेला वळवलेलं असतं. मागच्या टायरला अचानक पकड परत मिळते आणि गाडी झटक्यात दुसऱ्या बाजूला वळते. त्या बाजूला बहुतेक वेळा मोबाईल घेऊन उभी असलेली माणसं असतात. हे सगळं एक-दोन सेकंदांत घडतं, त्यांना पळायलाही वेळ मिळत नाही.

आपल्याकडे ८४० हॉर्सपॉवरच्या गाड्या क्वचितच दिसतात, पण नियम तोच. पुढचा ब्रेक दाबून बाईकचं मागचं चाक फिरवणाऱ्या मुलाच्या हातून ब्रेक सुटला, की बाईक त्याला घेऊन किंवा त्याच्याशिवाय पुढे सुटते. पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल आणि धूळ ओली होते, तेव्हा तर साध्या हॅचबॅकची पकडही झपाट्याने घटते.

त्यामुळे गाडी घसरायला लागली तर लक्षात ठेवा: नजर जिथे जायचंय तिकडे, ॲक्सिलरेटर हळूहळू कमी, स्टिअरिंगला झटके नाहीत. आणि समोर कुणी बर्नआऊट करत असेल, तर व्हिडिओ नंतर. आधी लांब व्हा!