व्याख्यान एका तासाचे, फाइल किती एमबीची?

एका तासाचे व्याख्यान सीडीच्या दर्जाने ध्वनिमुद्रित केले, की वेव्ह फाइल भरते सुमारे ६३५ एमबी. सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, शिवाय डावा-उजवा असे दोन चॅनल. हिशेब सरळ आहे. हीच फाइल जशीच्या तशी संकेतस्थळावर चढवणारे महाभाग आजही भेटतात. एसटीत बसून, ये-जा करणाऱ्या रेंजवर ऐकणाऱ्याने काय करायचे?

१२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीत तेच व्याख्यान ५८ एमबीत मावते. मोठ्या स्वराच्या शेजारचा बारीक स्वर कानाला जाणवतच नाही, त्यामुळे त्याच्यावर बिट खर्च करायचे नाहीत, ही त्यामागची युक्ती. जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेतले कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग ही पद्धत घासूनपुसून घेत होते, तेव्हा सुझान वेगाच्या ‘टॉम्स डायनर’ या गाण्याने त्यांना घाम फोडला. साथीला एकही वाद्य नाही, नुसता गळा. त्यामुळे प्रत्येक खोट उघडी पडे.

एमपीथ्रीची दुसरी खोड भजनात कळते. आवाजाचे छोटे तुकडे पाडून ते दाबले जातात आणि त्यातली चूक तुकडाभर पसरते. म्हणून बिटरेट फार उतरवला, की टाळ वाजण्याच्या किंचित आधीच एक पुसट खरखर ऐकू येते. निव्वळ बोलण्यात हे सहसा खटकत नाही.

२०१२ साली मानक ठरलेला ओपस इथे उजवा. व्हॉट्सअॅपचा व्हॉइस मेसेज याच ओपसमध्ये असतो. २४ केबीपीएस, एकच चॅनल: आपले व्याख्यान ११ एमबीच्या आत, आणि शब्द न शब्द स्पष्ट. पण अॅपलच्या सफारीने त्याला पुरते आपलेसे करायला फार वेळ लावला. जुन्या आयफोनवर भरवसा नाही. एमपीथ्री मात्र कुठेही वाजते, आणि २०१७ पासून तिच्या परवान्याची कटकटही संपली आहे. म्हणून ऑडिओ टॅगमध्ये दोन्ही द्याव्यात, आधी ओपस, खाली एमपीथ्री. आपल्याला झेपेल ती पहिली फाइल ब्राउझर उचलतो.

दोन्ही फाइली मूळ मुद्रणावरूनच काढाव्यात. एमपीथ्रीवरून ओपस केली, तर आधीच्या काटछाटीवर नवी काटछाट होते. मूळ प्रत फ्लॅकमध्ये ठेवली तर जागा बरीच वाचते आणि एक बिटही गळत नाही.