पुनरुज्जीवन आणि परंपरा : कचारगडचें उदाहरण

माघी पौर्णिमेच्या सुमारास लाखनी-साकोलीकडील अनेक गोंड कुटुंबें पूर्वेस कचारगडच्या जत्रेला निघतात. हें ठिकाण गोंदिया जिल्ह्यांतील सालेकसा तालुक्यांत, दरेकसा रेल्वेस्थानकाजवळच्या डोंगरांत आहे. तेथील विस्तीर्ण गुहेविषयीं कथा अशी कीं, काली कंकालीचीं मुलें शंभूनें या गुहेंत कोंडलीं व तोंडावर प्रचंड शिळा लोटली. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांनीं मुलांना सोडविण्याचें मनांत घेतलें. हिरासुका पाटालीर या गायकानें सूर धरिले. त्या सुरांनीं मुलांच्या अंगीं बळ आलें व त्यांनीं शिळा ढकलली. मुलें मोकळीं झालीं, परंतु गायक शिळेखालीं चिरडला गेला. पुढें लिंगोनें त्यांस गोत्रें लावून दिलीं आणि ‘कोया पुनेम’ हा धर्ममार्ग शिकविला, अशी श्रद्धा आहे.

आज लाखो लोकांची ही जत्रा प्राचीनच असावी, असें प्रथमदर्शनीं वाटतें. परंतु तिचें आजचें स्वरूप १९८० नंतरच्या दशकांतील आहे. कांहीं मोजक्या सुशिक्षित गोंडांनीं तिचा आरंभ केला. त्यांपैकीं मोतीरावण कंगाली (१९४९–२०१५) हे नागपुरास रिझर्व्ह बँकेंत नोकरी करून गोंडी भाषेचा व धर्माचा अभ्यास करीत. जुन्या गाण्यांत येणारें कचिकोपा लोहागड म्हणजेच हें कचारगड, असें या मंडळींनीं मानलें. मग ही परंपरा जुनी म्हणावी कीं नवी?

युरोपांतील एक उदाहरण येथें उपयोगीं पडेल. ब्रिटन व आयर्लंडमधील प्राचीन केल्ट लोकांचे पुरोहित ड्रुइड म्हणून ओळखले जात. हे आपली विद्या लिहून ठेवीत नसत, असें सीझरनें नमूद केलें आहे. रोमन सत्ता व ख्रिस्ती धर्म आल्यावर त्यांची मुखपरंपरा तुटली. १७९२ सालीं वेल्समधील कवि योलो मोर्गान्वग यानें लंडनच्या एका टेकडीवर ड्रुइडांचा म्हणून एक विधि केला. त्यासाठीं पुढें केलेलीं पुष्कळशीं ‘जुनीं’ कागदपत्रें त्यानें स्वतःच रचिलीं होतीं, हें मागाहून उघड झालें. आमच्या काळांत तेथें ‘केल्टिक शामन’ नांवाचा पंथ निघाला आहे. पण शामन हा शब्द सैबेरियांतील तुंगूस लोकांचा. आणि ढोलाच्या तालावर ध्यान लावण्याची त्या पंथाची रीतही मुख्यतः १९८० सालच्या एका अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाच्या पुस्तकावरून पसरली. अशा विधींनीं कोणास शांति मिळत असेल तर ती खोटी नव्हे. मात्र ती केल्टांची अखंड परंपराही नव्हे.

गोंडांची गोष्ट निराळी आहे. येथें धागा तुटलेला नाहीं. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनीं एका परधानाच्या तोंडून लिंगोचें गाणें उतरून घेतलें. हिस्लॉप १८६३ सालीं वारल्यावर रिचर्ड टेंपल यांनीं तें १८६६ मध्यें प्रसिद्ध केलें. परधान म्हणजे गोंडांचे परंपरागत गायक. त्या गाण्यांत गुहेंत कोंडलेले गोंड आहेत, सोडविणारा लिंगोही आहे. तपशील मात्र पुष्कळ निराळा : तेथें गोंडांना कोंडणारा महादेव आहे आणि गुहा धवलगिरीची आहे. गांवोगांवीं भूमक आजही देवकार्य करितो. चार, पांच, सहा वा सात देवांचें कूळ कोणतें, हें विवाह ठरवितांना आजही पाहिलें जातें. हें ज्ञान पुस्तकांतून आलेलें नाहीं. तें माणसांपाशीं आहे.

म्हणून येथील धोका वेगळा. जत्रेच्या ध्वनिक्षेपकावरून एकच कथा वारंवार सांगितली गेली, कीं गांवच्या परधानाची निराळी कथा चुकीची वाटूं लागते व किंगरी खुंटीवर लागते. शिवाय नवें मत जुन्याच्या नांवानें खपून जातें. सिंधु लिपि गोंडी भाषेनें वाचतां येते, हें कंगाली यांचें प्रतिपादन विद्वानांत मान्य झालेलें नाहीं. त्यावर श्रद्धेची इमारत उभारणें बरें नव्हे.

हा प्रश्न केवळ पंडितांचा नाहीं. पूर्वीच्या खानेसुमारींत आदिवासी धर्मास स्वतंत्र सदर असे. पुढें तें गेलें. २०११ सालीं दहा लाखांहून अधिक लोकांनीं आपला धर्म ‘गोंड’ किंवा ‘गोंडी’ असा लिहविला, आणि स्वतंत्र सदराची मागणी चालूच आहे. अशा वेळीं एखादी नवी रचना जुनी म्हणून पुढें केली व ती उघडकीस आली, तर विरोधक खऱ्या परंपरेसही खोटें ठरवितील. योलोच्या लबाडीमुळें वेल्सच्या अस्सल जुन्या काव्याविषयींही शंका घेतली गेली, हें विसरतां कामा नये.

यावर उपाय साधा आहे. वडिलोपार्जित काय, पुस्तकांतून घेतलेलें काय आणि आज नव्यानें घातलेलें काय, हें स्पष्ट सांगावें. नव्यांत लाज वाटण्याजोगें कांहीं नाहीं. प्रत्येक जुनी जत्रा कोणे एके काळीं नवीच होती. परंतु जो भूमक, जो परधान आज हयात आहे, त्याचें गाणें त्याच्याच शब्दांत, गांवाच्या नांवासह टिपून ठेवण्याचें काम आधीं झालें पाहिजे. कथेंतील मुलें गायकाच्या सुरांनीं सुटलीं. त्यांच्या वंशजांनीं आज गायकास शिळेखालीं पुन्हां जाऊं देऊं नये.