विश्लेषण : गॅस गिझर की विजेचा? बिलाआधी बाथरूमची खिडकी पाहा

थंडी पडू लागली की गिझरच्या दुकानातला पहिला प्रश्न ठरलेला असतो : कशाचे बिल कमी येईल? दुकानदाराचे उत्तरही ठरलेले : गॅसचे. हिशेबाने ते बरोबर आहे. मात्र बाथरूममध्ये गुदमरून मृत्यू झाल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात आणि त्यांत अनेकदा गॅस गिझरचाच उल्लेख असतो. खर्चात किती फरक पडतो आणि हा गिझर कोणत्या घरात लावूच नये, याविषयी...

गॅस खरेच स्वस्त पडतो का?

नळाचे पाणी २० अंशांवर आहे आणि अंघोळीला ४२ अंशांचे हवे, असे धरू. २० लिटरच्या एका बादलीला साधारण अर्धा युनिट उष्णता लागते. चौघांच्या घरात रोज चार बादल्या म्हटल्या तर महिन्याला ६० युनिट. विजेच्या टाकीवाल्या गिझरमध्ये थोडी उष्णता टाकीतच वाया जाते, म्हणून मीटरवर ७० युनिट दिसतील. सगळे आकार धरून युनिटमागे १० रुपये पडत असतील, तर महिन्याचे ७०० रुपये झाले.

आता गॅस. १४.२ किलोच्या सिलिंडरमधली साधारण पाचव्या हिश्श्याची उष्णता धुराबरोबर निघून जाते, असे धरले तरी पाण्याला सुमारे १४५ युनिट मिळतात. सिलिंडर ९०० रुपयांचा धरला, तर तेवढ्याच अंघोळी ३७५ रुपयांच्या आसपास होतात. म्हणजे महिन्याला सव्वातीनशे रुपयांची बचत. अर्थात स्वयंपाक सोडून फक्त अंघोळीसाठी सव्वादोन महिन्यांत एक सिलिंडर संपेल, हेही लक्षात ठेवायला हवे.

हा फरक प्रत्येक घरात सारखा नसतो. घरगुती वीज टप्प्याटप्प्याने महाग होत जाते. ज्यांचा वापर आधीच ३०० युनिटच्या काठावर आहे, त्यांच्याकडे गिझरचे ७० युनिट वरच्या, महाग टप्प्यात जातात. याउलट, छतावर सौर पॅनेल असलेल्या घरात वीज शिल्लक पडत असेल तर गॅसचा फायदा जवळपास संपतो. एकट्या-दुकट्या माणसाची बचत तर महिन्याला शंभर-दीडशे रुपयेच असते.

मग अडचण कुठे आहे?

हवेत. एक किलो एलपीजी पूर्ण जळायला सुमारे १२ ते १३ घनमीटर हवा लागते. मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा गिझर पूर्ण क्षमतेने चालला, तर तासाला साधारण एक किलो गॅस जाळतो. घरातल्या चौघांच्या बादल्या एकापाठोपाठ भरायला तेरा-चौदा मिनिटे लागतात, आणि तेवढ्यात तीन घनमीटर हवा खर्च होते. चार बाय सहा फुटांच्या आणि आठ फूट उंचीच्या बाथरूममध्ये हवा असते जेमतेम साडेपाच घनमीटर. म्हणजे खिडकी बंद असेल तर निम्म्याहून अधिक!

प्राणवायू कमी पडू लागला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वासही नाही. सिलिंडर गळला की जो उग्र वास येतो, तो मुद्दाम मिसळलेल्या रसायनाचा असतो आणि ज्योतीत ते रसायनही जळून जाते. त्यामुळे ‘वास आला नाही’ या गोष्टीला इथे काहीच अर्थ नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. आधी डोके जड होते, मळमळते, मग पायातली ताकद जाते. कडी काढायची वेळ येते तेव्हा हातच उचलत नाही. सर्वांत शेवटी अंघोळीला जाणाऱ्याला धोका अधिक. थंडी वाजते म्हणून खिडकीच्या काचा बंद ठेवण्याचे दिवसही हेच.

पूर्वीचा तांब्याचा बंब बहुधा अंगणात किंवा परसात पेटायचा. धुराचा त्रास डोळ्यांना व्हायचा, पण जाळ बाहेर आणि अंघोळ आत, ही सोय मोठीच होती.

एक्झॉस्ट फॅन लावला तर चालेल का?

त्यावर विसंबून राहू नये. दार-खिडकी बंद असताना पंखा आतली हवा ओढतो, पण बाहेरची हवा आत यायला वाट नसेल तर धूर पुन्हा खोलीतच फिरू शकतो. गॅस गिझरची जागा बाथरूमबाहेर : उघड्या ड्राय बाल्कनीत किंवा बाहेरच्या भिंतीवर. आत फक्त गरम पाण्याचा पाइप यावा. बाल्कनी काचेने बंद करून घेतली असेल, तर तीही खोलीच समजावी. अशी जागा घरात नसेल तर विजेचा गिझर घ्यावा. सव्वातीनशे रुपयांसाठी वाद घालण्यात अर्थ नाही.

विजेचा गिझर बिनधोक असतो का?

अर्थिंग नीट असेल तर बऱ्याच अंशी. १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी आणि टाकीचा दाब सोडणारी सुरक्षा झडप, या तीन गोष्टी तपासून घ्याव्यात. बोअरवेलचे जड पाणी असेल तर कॉइलवर क्षार साचतात, तेव्हा सर्व्हिसिंगचा खर्च धरावा. टाकीवाल्या गिझरचे स्टार लेबल पाहावे. जास्त स्टार म्हणजे पाणी उगाच थंड होण्यातले नुकसान कमी. वीज वारंवार जाणाऱ्या गावात मात्र उघड्यावर लावलेल्या गॅस गिझरचा आधार वाटतो, कारण त्याची ठिणगी बहुधा सेलवर पडते. बादलीत सोडायची हीटरची सळई स्वस्त असली, तरी ती चालू असताना पाण्यात हात घालणे जिवावर बेतू शकते.

गिझर आधीच बाथरूममध्ये असेल तर?

भाड्याच्या घरांत हे सर्रास दिसते. घरमालकाशी बोलून तो बाहेर हलवून घ्यावा. कुणाला चक्कर आली, तर दार उघडून त्याला आधी मोकळ्या हवेत आणावे, गॅस बंद करावा आणि १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. गॅसगळतीची शंका असेल तर १९०६ हा मदत क्रमांक आहे. गिझर हलवेपर्यंत दार आणि खिडकी उघडी ठेवून बादली भरून घ्यावी, गॅस बंद करावा, आतली हवा बाहेर जाऊ द्यावी आणि मगच कडी लावावी.