एकाच गोळीची दोन नावे

वर्गात समानार्थी शब्द शिकविता शिकविता माझी वीस वर्षे गेली. परंतु एकाच वस्तूला दोन नावे असली की माणूस किती सहज फसतो, हे मला अण्णांच्या आजारपणाने शिकविले.

अण्णा ७८ वर्षांचे. मोठ्या दुखण्याला सोलापूर गाठायचे, ही आम्हां धाराशिवकरांची रीतच. तेथील एका इस्पितळातून ते घरी आले, ते नऊ प्रकारच्या गोळ्या घेऊन. घरी त्यांचा जुना गोळ्यांचा डबा होताच. त्या बंद करा, असे कुणी सांगितले नव्हते. आम्ही आपल्या जुन्याही दिल्या, नव्याही दिल्या.

चौथ्या दिवशी सकाळी अण्णांना दरदरून घाम सुटला, हात कापू लागले, आणि ते मला माझ्या वारलेल्या काकांच्या नावाने हाक मारू लागले! डॉक्टरांनी रक्तातील साखर पाहिली. ४८! साखरेचे पाणी पाजल्यावर अण्णांनी मला ओळखले. पण साखर पुन्हा उतरू शकते, म्हणून दिवसभर त्यांचे बोट टोचीत बसलो.

संध्याकाळी औषधांच्या दुकानात गेलो. दुकानदार तरुण, औषधशास्त्राचा पदवीधर. म्हणाला, "सर, डबा आणि पिशवी, दोन्ही आणा." त्याने मला पट्ट्यांवरची मूळ नावे वाचायला लावली. जुनीवर ग्लिमेपिराइड, नवीवरही ग्लिमेपिराइड! अमरकोशातील पाण्याची नावे घोकणाऱ्या मला हे दिसले नव्हते.

डॉक्टरांना विचारून त्याने जुनी गोळी बंद केली, आणि वेळापत्रक मराठीत लिहून दिले. तिसऱ्या दिवशी तो घरी येऊन गोळ्या मोजू लागला. लघवीची गोळी जास्त भरली! रात्री सारखे उठावे लागते, म्हणून अण्णा ती उशीखाली दडवीत. डॉक्टरांच्या संमतीने ती सकाळवर आली.

आपल्याकडे २०१५ च्या नियमांनी रुग्णाला औषध समजावून देणे हे औषधविक्रेत्याचे काम ठरविले आहे. पण दुकानातल्या गर्दीत ते करतो कोण? इंग्लंडात २०२१ पासून इस्पितळच घरी गेलेल्या रुग्णाची यादी त्याच्या दुकानदाराकडे धाडू शकते; तो जुन्या-नव्याचा मेळ घालतो. आमच्याकडे तो मेळ एका भल्या पोराने फुकट घातला.

दसऱ्याला आत्या आल्या. त्यांनी सोने पुढे केले, तर अण्णा म्हणाले, "ते राहू दे गं. आधी तुझी गोळ्यांची पिशवी आण बघू!"