मेंदूसारख्या चिपला शिकवायचं कसं?

पनवेलमध्ये २०२० साली योट्टा या कंपनीचं ‘एनएम-१’ हे महाकाय डेटा सेंटर सुरू झालं. अशा केंद्रांत कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी प्रचंड वीज लागते. माणसाचा मेंदू मात्र सुमारे २० वॉटवर चालतो.

मेंदूच्या धर्तीवरच्या चिपमधल्या कृत्रिम चेतापेशी गरज पडेल तेव्हाच विजेचा स्पंद सोडतात. आयबीएमच्या २०१४ मधल्या ‘ट्रूनॉर्थ’ चिपमध्ये अशा १० लाख पेशी होत्या आणि तिला जेमतेम ७० मिलिवॉट पुरत. पवईच्या आयआयटीत उदयन गांगुली आणि सहकाऱ्यांनीही अत्यल्प ऊर्जेवर चालणाऱ्या पेशी घडवल्या आहेत.

खरी अडचण प्रोग्रॅमिंगची.

नेहमीचा प्रोग्रॅम एकामागून एक आज्ञा देतो. इथे कोणती पेशी कोणाला जोडायची आणि ती केव्हा स्पंद सोडणार, हे ठरवावं लागतं. स्पंद एकतर असतो किंवा नसतो. या तुटकपणामुळे शिकवण्याचं रूढ गणित अडतं. म्हणून शिकवण्यापुरता त्या जागी गुळगुळीत वक्र धरतात.

त्यात प्रत्येक चिपची रीत निराळी. इंटेलने २०२१ मध्ये पायथन या भाषेतून वापरता येणारी ‘लावा’ ही मुक्त प्रणाली आणली. २०२४ मध्ये संशोधकांनी ‘एनआयआर’ हा सामाईक आराखडा मांडला. त्यामुळे एकदा लिहिलेलं पेशींचं जाळं ४ वेगवेगळ्या हार्डवेअरवर उतरवता येतं.